यांचं म्हणणं

हिरामणला झटका आला, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली, तेव्हा भावकीतल्या बायका चंद्राबाईच्या गळ्यात पडून रडल्या. चंद्राबाईही रडली. पण खरं सांगायचं तर दवाखान्यातून घरी आल्यावर तिला घर शांत वाटलं, आणि त्या शांततेची तिला लाज वाटली नाही. का वाटावी? तीस वर्षं त्या माणसाच्या तोंडाला कुलूप नव्हतं. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट अंगणात, जास्त पडलं तरी ताट अंगणात. तिनं काही सुचवलं की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "तुला कुनी इचारलं?" आणि तिला कुणी विचारलेलं नसायचं हेही खरंच.

पण हिरामण पडला घरातला थोरला. कर्जतहून कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचं घर. घर, अंगण, मागची वाडी, सगळं दोघा भावांत सामाईक, वाटण्या कधी झाल्याच नाहीत. आणि त्यांच्या भावकीचा रिवाज असा की सामाईकातलं काही ठरवायचं तर थोरल्याचा शब्द शेवटचा. मग तो थोरला शहाणा असो की शेणाचा गोळा. आता शब्द होता पण तोंड नव्हतं. त्याची मान सारखी डुगडुगायची, ती होकाराला की नकाराला हे देवालाही कळलं नसतं. घशातून एकच आवाज निघायचा. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, डाव्या हातानं काही लिहायला गेला की कोंबडीनं उकरल्यासारखं व्हायचं. मग लोक त्याच्याकडे बघून प्रश्न विचारायचे आणि उत्तरासाठी चंद्राबाईकडे वळायचे.

पहिल्यांदा वळला तो जोमाकाका. नात्यानं चुलत सासरा, भावकीत सगळ्यांत वडील. त्याच्या शेताकडे जाणारी वाट यांच्या वाडीतून जायची आणि हिरामणनं ती कसल्याशा भांडणापायी काटेरी कुंपण घालून बंद केलेली. जोमाकाका आजाऱ्याला बघायला आला, जाता जाता वाटेचं बोलला. हिरामण घशातून असा काही गुरगुरला, की त्यातल्या शिव्या चंद्राबाईला एकेक वेगळ्या ऐकू आल्या. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "यांचं म्हननं असं, की वाट मोकळी करा. काय बरोबर नेयाचं हाय?"

जोमाकाकाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं हिरामणचा लुळा हात हातात घेतला. हिरामणनं डाव्या हातानं पेला फेकून मारला, तो भिंतीला लागला. "दमलेत," चंद्राबाई म्हणाली.

हे तिनं दयेपोटी केलं असं कुणी समजू नये. नवऱ्यावरचा राग होता, तो तिनं कुंपण तोडून काढला. पण एकदा दार उघडलं की वारा आत शिरतोच. पुढे यांचं म्हणणं निघालं, की चुलत्यांच्या नळाचा पाइप अंगणातून जाऊ द्या. मग यांचं म्हणणं निघालं, की अंगणात पत्र्याची शेड घालून चंद्राबाईनं लेण्यांवर येणाऱ्या पाहुण्यांसाठी खानावळ काढावी. हाच हिरामण चालता-बोलता होता तेव्हा म्हणाला होता, "माज्या घरातली बाय परक्यांची उष्टी काडनार? तंगडी मोडून ठेवीन." आता तो कॉटवर पडून तांदळाच्या भाकऱ्या थापल्याचा आवाज ऐकायचा. शनिवार-रविवारी अंगण भरायचं. थंडीत पोपटीच्या ऑर्डरी यायच्या, मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला भरताना चंद्राबाईला दम खायला फुरसत नसायची. काय शिजवायचं, किती शिजवायचं, कुणाला हो म्हणायचं, कुणाला उद्या या म्हणायचं, हे आयुष्यात पहिल्यांदा ती ठरवत होती. ती खानावळ तिचा जीव होती. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही, कारण सांगण्याजोगं कुणी नव्हतं.

भावकीत मात्र हिरामणचं नाव झालं. आजारानं माणूस निवळला, म्हणायचे लोक. येणारा-जाणारा खाटेपाशी वाकून सांगायचा, "हिरामणभाऊ, बरं केलंस." हिरामण ऐकून घ्यायचा.

संशय आला तो एकट्या नागूला, धाकट्या भावाला. पुराव्याची त्याला गरजच पडली नाही. "आमचा दादा जन्मात येवडा शाना नवता," तो म्हणायचा. आणि ते बरोबरच होतं. नागूचा डोळा त्याच अंगणावर होता. त्याचा मुलगा साईराज पदवी घेऊन घरी बसलेला, सकाळ मोटारसायकल धुण्यात घालवायचा. त्याला तिथं काहीतरी काढून द्यायचं नागूच्या मनात होतं. त्यानं दोनदा विचारलं, दोनदा यांचं म्हणणं पडलं, की नको.

मग पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी तपासताना सहज सांगितलं, की यांना एखादा टॅब घेऊन द्या, चित्रावर बोट ठेवलं की तो बोलतो, डोकं शाबूत आहे यांचं. चंद्राबाईनं ते ऐकलं न ऐकलंसं केलं. नागूही सोबत आला होता, त्यानं मात्र ते गाठीला बांधलं. दुसऱ्या दिवशी अंगणाच्या मधोमध उभा राहून तो म्हणाला, "वैनी, आपुन दादाला त्याची वाचा परत देऊ. मी देतो घेऊन. मंग बसवू भावकी, आनि इचारू दादाला एकेक."

"द्या की," चंद्राबाई म्हणाली. "पन निवडायला मी येनार. त्यांना काय लागतं ते मला ठावं."

कर्जतच्या बाजारात जाताना सहा आसनी रिक्षात दोघं एकमेकांच्या समोर बसली आणि सगळी वाट बाहेर बघत राहिली. चंद्राबाईनं मनाशी पक्कं केलं होतं. टॅब येणार हे टळत नाही. मग असा यावा, की त्याचा हिरामणला काडीचा उपयोग होऊ नये.

दुकानात काउंटरवर निशिगंधा नावाची मुलगी होती. तिनं विचारलं, "कशासाठी हवा? मुलांच्या अभ्यासाला, की सिनेमे बघायला?"

"बोलायला," नागू म्हणाला.

"म्हणजे सिमकार्डवाला?"

"फोनवर नाय गं. मानसाला वाचा नाय. त्यानं बोट लावायचं आनि ह्यानं बोलायचं."

निशिगंधा मन लावून विचारू लागली. कुठला हात चालतो? नजर कशी आहे? वाचता येतं का? घरात वाय-फाय आहे का, की नेटशिवाय चालायला हवं? लाइट किती वेळ जाते, म्हणजे बॅटरी तशी बघू. बसून वापरणार की झोपून? पोरगी कामाची होती. चंद्राबाईला ती पहिल्या नजरेतच आवडली नाही.

"नजर चांगली हाय त्याची," नागू म्हणाला.

"कुटं चांगली? माजा हात धरून मला भिंत समजतात," चंद्राबाई म्हणाली.

"बसतो तो."

"पडूनच असतात. बसवलं तर कलंडतात."

"वैनी, खोटं बोलू नको. काल बसून जेवला."

"तुमी भरवलंत का, भावजी? नाय ना? मंग गप रवा."

दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं कव्हरं बघता बघता कान देऊ लागली. निशिगंधानं तीन टॅब काढून ठेवले. एक तळहाताएवढा, एक मधला आणि एक पाटाएवढा मोठा. नागूनं लहान उचलला, एका हातात धरून वर-खाली केला. "ह्यो घे. हालका हाय. दादाला डाव्या हातात बरोबर बसंल."

बसलाच असता. चंद्राबाईनं मोठा उचलून बघितला, तर तिला स्वतःला दोन हात लागले. एका हाताचा माणूस हा धरणार कसा? तिला हवा होता तो हाच. "ह्यो द्या," ती म्हणाली.

"काय करायचाय येवडा दांडगा? त्याच्यावर काय पापड लाटायचेत?"

"पैशाकडं बगता व्हय, भावजी? सख्ख्या भावाच्या वाचेला हात आखडता घेता? सांगते मग घरी जाऊन, की नागूभावजींनी स्वस्तातला बगितला."

नागूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चार माणसांत कंजूस ठरणं त्याला परवडणारं नव्हतं. बराच वेळ दोघं हमरीतुमरीवर होती. शेवटी त्यानं मोठा टॅब काउंटरवर निशिगंधाकडे ढकलला. "कर पॅक. हिच्या मनासारखं होऊ दे."

निशिगंधा खोक्यातून चार्जर काढता काढता म्हणाली, "काकू, बरोबर निवडलात. मी हाच सांगणार होते. हात थरथरत असेल तर चित्रं मोठी लागतात, बारक्या स्क्रीनवर बोट भलतीकडेच पडतं. आणि हा हातात धरायचाच नाही. स्टँड येतो बरोबर, कॉटवर समोर उभा करून ठेवायचा."

चंद्राबाईच्या तोंडचं पाणी पळालं. आता माघार घ्यायची सोय नव्हती, नागू तिच्याकडेच बघत होता. तिनं मोठाच का मागितला हे त्याला आधी कळलं नव्हतं, आणि कळलं तेव्हा तो मिशीत असा हसला की तिला त्याचं मुंडकं त्या स्टँडला अडकवावंसं वाटलं. आपल्याच हातानं आपण आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. निशिगंधानं बोलण्याचं अ‍ॅप घालून आवाज ऐकवला. मराठीत एकच आवाज होता, शहरातल्या बाईचा, गोड आणि शुद्ध. "पुरुषाचा नाय का?" नागूनं विचारलं. नव्हता. तेवढ्यापुरतं चंद्राबाईला बरं वाटलं.

घरी आल्यावर साईराजनं चित्रं भरायला घेतली. पाणी, चहा, जेवण, संडास, दुखतंय, हो, नाही. इथवर ठीक होतं. मग त्यानं बाहेर येऊन शेडचा फोटो काढला, चुलीचा काढला, चंद्राबाईचाही काढला, ती तोंड फिरवत असताना. खानावळ. बंद. मी सांगितलं. मी नाही सांगितलं. बापानं सांगितलेलं एकेक त्यानं नेमकं भरलं, आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काही पूर्ण केलं असेल तर ते हे.

हिरामण आधी बिचकला. चहाच्या चित्राला बोट लागलं, आणि ती शहरातली बाई "मला चहा हवा आहे" म्हणाली, तेव्हा त्यानं टॅबला डाव्या हातानं ढकलून दिलं. पण स्टँड पक्का होता. संध्याकाळपर्यंत त्यानं सहा वेळा चहा मागितला. दुसऱ्या दिवसापासून साईराज दार लोटून घेऊन त्याचा सराव घेऊ लागला. चंद्राबाई चुलीपाशी भाकरी थापत असायची आणि आतून तो गोड आवाज यायचा, "खानावळ. बंद. नाही. नाही." भाकरी तव्यावर करपायची.

तिला भीती वाटत होती. तीस वर्षं नवऱ्याच्या हाताची भीती वाटली होती, पण ही तशी नव्हती. तेव्हा गमवायला जवळ काही नव्हतं. भावकी बसायच्या आदल्या दिवशी दुपारी ती आत गेली, साईराज नव्हता, आणि कॉटसमोर उभी राहून म्हणाली, "माजा तुमच्यावर राग हाय. पयल्यापासून हाय. तुमच्या नावावर मी बोलले, बोलले. उद्या काय सांगायचं ते सांगा. पन आत्ता मला एकटीला सांगा, बंद करनार का तुमी?"

हिरामणनं तिच्याकडे बघितलं. डोळे तेच होते, मीठ कमी पडल्यावरचे. बोट हवेत बराच वेळ फिरलं आणि खाली आलं.

"मला चहा हवा आहे," टॅब म्हणाला.

चंद्राबाईनं चहा केला. त्यात साखर घातली नाही.

भावकी ओटीवर बसली. जोमाकाका मधोमध, बाजूला चुलते, पोरंटोरं पायरीवर. हिरामणला उशांना टेकवून बसवलं होतं, पुढे टॅब, मागे साईराज. नागूनं नवा सदरा घातला होता. त्यानं लांबण लावली नाही. "दादा," तो म्हणाला, "ही खानावळ घालायला तू परवानगी दिली व्हतीस का? हो का नाय, तेवडंच सांग. कुनाला भिऊ नको."

चंद्राबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. हिरामणचं बोट थरथरत 'नाही'वर गेलं. तिथं थांबलं. त्यानं डोळे वर करून ओटीवरच्या माणसांकडे एकेक करून बघितलं. चंद्राबाईलाही ती माणसं त्याच्या नजरेनं दिसली. नाही म्हणायचं म्हणजे काय कबूल करायचं? की दोन वर्षं आपण नुसतं मातीचं मडकं होतो आणि राज्य बायकोनं केलं. की लोकांनी वाकून वाकून जे 'बरं केलंस' म्हटलं, ते आपलं नव्हतंच. इतकं मोठं मन त्या माणसात कुठून असणार?

बोट सरकलं. "हो," टॅब म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "मी सांगितलं."

ओटीवर कुजबुज झाली. जोमाकाकानं मान डोलावली. "मला ठावंच व्हतं," तो म्हणाला. "हिरामणची नजर लांबची."

चंद्राबाईनं धरलेली चौकट सोडली. वाचली होती ती. खानावळ वाचली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि पुसता पुसता तिचं लक्ष हिरामणकडे गेलं. तोंडाची चालणारी बाजू वर उचलली होती. तो तिच्याकडेच बघून हसत होता.

नागू मात्र पडूनही वर तंगडी करणाऱ्यातला. घटकाभर त्याचं तोंड उतरलं, मग त्याला एकदम उजेड पडला. "मंग तर लय चांगलं झालं," तो म्हणाला. "दादाची खानावळ, म्हंजे घराची खानावळ. ह्या हप्त्यात पाटी लावू, हिरामण खानावळ. आनि दादाच्या वतीनं साईराज बगील सगळं. गिऱ्हाइक, ऑर्डरी, समदं. वैनी हायच चुलीपाशी. काय, दादा?"

"हो," टॅब म्हणाला. आवाज किती गोड होता.

"झालं तर," कुणीतरी म्हणालं. माणसं उठायला लागली. साईराज मागच्या मागे शेडकडे बघत उभा होता, पाटी कुठं लावायची ते बघत असावा.

गप्प बसली असती तर चूल तिचीच राहिली असती. भाकऱ्या तिनंच थापल्या असत्या, पाहुण्यांनी नावाजल्याही असत्या. हे सगळं तिला कळत होतं. पण एवढा राग तिला जन्मात कधी आला नव्हता. ताट अंगणात गेलं तेव्हाही नाही.

"खोटं हाय," ती म्हणाली.

उठलेली माणसं तशीच राहिली. जोमाकाकापुढं ती कधी इतक्या मोठ्यानं बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर सरकला होता, तो तिनं घेतला नाही.

"यांनी परवानगी दिली नवती. तंगडी मोडीन म्हनले व्हते. मी ठरवलं. यांच्या नावावर खपवलं, कारन माज्या नावावर तुमी कुनी ऐकलं नसतं. खानावळ माजी हाय."

नागूला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. इतक्या दिवसांचा त्याचा संशय तिनं स्वतः त्याच्या ओंजळीत टाकला होता. "ऐकलंत?" तो ओटीभर फिरून म्हणाला. "बायनं सगळ्यांना येड्यात काडलं. म्हंजे दोन वर्सांत दादाच्या नावावर जे जे ठरलं ते समदं रद्द. खानावळ रद्द. पाइप रद्द. जोमाकाका, तुमची वाट बी रद्द."

हे शेवटचं बोलायला नको होतं, ते त्यालाही बोलल्यावर कळलं असावं. चुलते एकमेकांकडे बघू लागले. त्यांच्या नळाचं पाणी त्याच अंगणातून येत होतं. जोमाकाका चपला पायात सरकवून निघाला होता, तो काठीवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. वीस वर्षं तो ते काटेरी कुंपण चुकवायला ओढ्याकडून वळसा घालून गेला होता, गुडघ्यापर्यंत चिखलातून. त्याच्या बायकोला साप चावला होता तोही त्याच वळशावर.

"वाटेचं पन तूच ठरवलंस, सूनबाय?" त्यानं विचारलं.

"मीच."

"हिरामण काय म्हनला व्हता तवा?"

"शिव्या दिल्या तुमाला. आईवरून."

जोमाकाकानं मान हलवली, जणू हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. हिरामणच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली होती. डावं बोट टॅबवर आपटत होतं, पुन्हा पुन्हा, एकाच जागी. "नाही," ती शहरातली बाई म्हणत होती. "नाही. नाही. नाही." ओटीच्या शेवटच्या पायरीपर्यंत ते लख्ख ऐकू येत होतं. निशिगंधा म्हणाली होती तसंच, इतकी मोठी चित्रं, की बोट भलतीकडे पडायचा प्रश्नच नव्हता.

जोमाकाका कॉटकडे वळला नाही. नागूकडेही नाही. त्यानं काठी भिंतीला लावली आणि दारात उभ्या असलेल्या चंद्राबाईला विचारलं, "काय म्हनतोय तो?"

"ते नाय म्हनतात," चंद्राबाई म्हणाली. "मी म्हनते, जेवून जा."

जोमाकाकानं चपला काढल्या आणि तो परत ओटीवर बसला. त्याचं बघून चुलतेही बसले.